आर्चडबाईंचा दुसरा विद्यार्थी

भूपाल मगदूम मूळचा निपाणीचा. घरी तंबाखूची वखार होती, दोघे थोरले भाऊ तिथंच बसायचे. हा धाकटा तेवढा मॅट्रिक झाला आणि बेळगावला एका कोर्टात दुभाषा म्हणून चिकटला. मराठी घरातली, कानडी बाजारातली आणि इंग्रजी पुस्तकातली, अशा तीन भाषा त्याच्याकडे होत्या. त्यातली इंग्रजी अगदी पुस्तकातलीच. ज्या मास्तरांनी ती शिकवली त्यांनी जन्मात कुणा गोऱ्या माणसाशी चार वाक्यं बोलली नव्हती. त्यामुळं भूपालचं व्याकरण पक्कं, अक्षर टपोरं आणि उच्चार मात्र ऐकणाऱ्याच्या नशिबावर सोडलेले. तो 'आफिस' म्हणायचा, 'कालेज' म्हणायचा. साहेब काही बोलला आणि ते नीट कळलं नाही, की मान लववून 'यस सर' म्हणायचा. नऊ वर्षं त्याची नोकरी या दोन शब्दांवर बिनबोभाट चालली होती.

सत्तावीस सालच्या दिवाळीनंतर कोर्टात कार्विल नावाचे नवे जज्ज आले. आठवड्याभरातच त्यांनी शेरा लिहिला. दुभाष्याचं इंग्रजी वाचायला उत्तम आहे, ऐकायला कळत नाही. सहा महिन्यांत सुधारणा न झाल्यास दुसरा माणूस पाहावा. शिरस्तेदार परशराम भला गृहस्थ होता. त्यानं तो शेरा भूपालला बाजूला घेऊन दाखवला आणि कॅम्पातल्या एका बाईंचा पत्ता दिला.

बाईंचं नाव मिस ऑर्चर्ड. कॅम्पातले गाडीवाले, पाववाले त्यांना आर्चडबाई म्हणत. तीस वर्षं त्यांनी गोऱ्या शिपायांच्या मुलींना वाचायला शिकवलं, मग मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले. विलायतेत जवळचं कुणी उरलं नव्हतं म्हणून त्या इथंच राहिल्या. गुणाबाई नावाची एक मोलकरीण त्यांचं सगळं बघायची. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते आठ, असं शिकवणीचं ठरलं.

पहिल्या दिवशी बाईंनी त्याला आधी त्यांचंच नाव उच्चारायला लावलं. तो म्हणाला, "मिस आर्चड." बाईंनी मान हलवली. माझ्या नावाच्या तोंडाशी एक गोल दार आहे, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही ते सपाट करून टाकलंत. मग त्यांनी सांगितलं की महिनाभर तोंड उघडायचं नाही, फक्त ऐकायचं. जीभ बिचारी कानाच्या मागून चालते. कानाला जो फरक कळत नाही तो जिभेला कुठून जमणार?

ते शिकणं मोठं विचित्र होतं. भूपाल खिडकीकडं पाठ करून, डोळे मिटून बसायचा. बाई दोन शब्द म्हणायच्या आणि ते एकच की वेगळे एवढंच त्यानं बोटानं टेबलावर वाजवून सांगायचं. शिप आणि शीप. वेट, एकदा दात ओठाला लावून आणि एकदा ओठांचा चंबू करून. पहिले पंधरा दिवस त्याला सगळं एकच वाटलं. मधे मधे बाई थांबायच्या आणि बाहेर काय ऐकू येतंय ते विचारायच्या. लष्कराचा बिगूल, टांग्याचं चाक, गुणाबाईची उलथणी एवढं तो सांगायचा; बाई सांगायच्या की टांग्याचा घोडा डाव्या पायानं लंगडतोय.

त्या पहिल्याच सकाळी तो निघाला तेव्हा बाईंनी चेहरा त्याच्या जरा डावीकडं वळवला आणि सोबतच्या गृहस्थांचं नाव विचारलं. भूपालनं मागं पाहिलं. मागं रिकामी पडवी होती. तो एकटाच आलोय म्हणाला, पण तोवर बाईंनी गुणाबाईला हाक मारून पुढच्या खेपेपासून दोन खुर्च्या मांडायला सांगितलं होतं. म्हातारपण आहे, त्यानं मनाशी म्हटलं. पुढच्या खेपेला खरंच दोन खुर्च्या होत्या. तो उजवीकडच्या खुर्चीवर बसला.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा कान उघडला. हळूहळू नव्हे, एका सकाळी एकदम. कानात गेलेलं पाणी निघावं तसं झालं. शहापुरातल्या आपल्या भाड्याच्या घरी जाताना त्याला शेजारच्या विणकराच्या दोन मागांचे आवाज वेगवेगळे ऐकू आले. बायको लक्ष्मीबाई आत भांडी लावत होती, त्यातलं तांब्याचं कुठलं आणि पितळेचं कुठलं ते त्याला ओट्यावरून कळलं. कोर्टात तर नवलच झालं. इतके दिवस साहेबाचं बोलणं म्हणजे नुसतं वाहतं पाणी होतं, आता त्यातला एकेक शब्द दगडासारखा सुटा दिसायला लागला. तो खूश झाला. आपण उगाच घाबरत होतो असं त्याला वाटलं.

महिना संपला आणि बोलणं सुरू झालं. बाई शब्द म्हणायच्या, भूपाल मागून म्हणायचा. मग बाई क्षणभर थांबायच्या, कुणाची तरी पाळी होऊ द्यावी तशा, आणि मगच पुढचा शब्द घ्यायच्या. एके दिवशी त्या म्हणाल्या की तुमचा मित्र तुमच्याहून मेहनती आहे.

भूपालला आता गप्प बसवेना. त्यानं हात जोडले, ते बाईंना दिसणार नाहीत हे विसरून, आणि स्पष्ट सांगितलं की आपल्याबरोबर कुणीही येत नाही, पहिल्या दिवसापासून आलेलं नाही.

बाईंनी चेहरा त्याच्या आवाजाकडं वळवला. मग म्हणाल्या, "मी आंधळी आहे, मिस्टर मगदूम. बहिरी नाही."

आणि त्यांनी सांगितलं. माणूस अनवाणी येतो. अंगानं थोराड असावा, कारण वेताची खुर्ची जोरात करकरते. तोंडानं श्वास घेतो. तुमच्या मागून अर्ध्या क्षणानं शब्द म्हणतो. आवाज मात्र चेपलेला येतो, गळ्याशी काहीतरी फार घट्ट बांधलं असावं तसा. आणि तो सगळे शब्द म्हणत नाही. एकाच शब्दाशी झगडतो.

"कुठला शब्द?" भूपालनं विचारलं.

"कॉट," बाई म्हणाल्या. "धरलं, पकडलं. पण तो 'काट' म्हणतो. तुम्हीही बोलायला लागलात तेव्हा तसंच म्हणत होता. तुम्हा दोघांना एकाच मास्तरानं शिकवलं असणार."

भूपाल उठला. टोपी कुठं ठेवली ते त्याला आठवेना. टोपी न घेताच तो शहापूरपर्यंत चालत आला.

कारण तो शब्द त्यानं कुणापुढं उच्चारला होता ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. कंग्राळीचा मष्णू आणि त्याचा मेहुणा गुंडू, म्हणजे मष्णूच्या बायकोचा सख्खा भाऊ, दोघं रानात गेले होते. भाताची रोपं टाकायच्या जागेत, तरव्यात, जाळायला फांद्या हव्या होत्या. गुंडू झाडावर चढून कोयत्यानं फांद्या तोडत होता, मष्णू खाली गोळा करत होता. संध्याकाळी गुंडूचं प्रेत गावात आलं, मानेत कोयता लागलेला. कोयता मष्णूचा होता. आठच दिवसांपूर्वी दोघांचं बांधावरून भर बाजारात भांडण झालं होतं आणि ते पंचवीस माणसांनी पाहिलं होतं. रानात मात्र पाहणारं कुणी नव्हतं.

तेव्हा जज्ज विल्मट म्हणून होते. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मष्णूला त्यांनी विचारलं, तुला काय सांगायचं आहे? मष्णू म्हणाला, "पाय सुटला त्येचा. वरनं पडत हुता, म्हनून म्या धरला त्येला. कोयता हातातच हुता त्येच्या."

भूपालनं त्याचं इंग्रजी केलं. वाक्य बिनचूक होतं. 'आय काट हिम,' तो म्हणाला. विल्मटसाहेबांनी मान वर करून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. ते भरभर बोलत, मिशीतल्या मिशीत. भूपालला ते कळलं नाही. तो म्हणाला, "यस सर." साहेबांनी लिहून घेतलं. सरकारनं दिलेला वकील पुढच्या खटल्याचे कागद चाळत होता. शेवटी साहेबांनी आणखी एक प्रश्न विचारला, भूपाल पुन्हा 'यस सर' म्हणाला आणि मष्णूचा अंगठा उमटला.

फाशी वरच्या कोर्टात कायम झाली. त्यानंतर निकालाची नक्कल करायचं काम भूपालकडं आलं. नक्कल करता करता त्याची लेखणी थांबली. साहेबांनी लिहिलं होतं की आरोपीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, तो घसरून पडत होता तेव्हा 'मी त्याला कापलं'. आय कट हिम. याचा अर्थ असाच ना, असं आपण दुभाष्याला विचारून खात्री करून घेतली. जबाब आरोपीला त्याच्या भाषेत वाचून दाखवला का, असंही विचारलं. दुभाष्यानं होय म्हणून सांगितलं.

फाशीला अजून अकरा दिवस बाकी होते. भूपाल ती नक्कल हातात घेऊन साहेबांच्या खोलीच्या दाराशी गेला. साहेबांनी वर न पाहता काहीतरी विचारलं. काय विचारलं ते त्याला कळलं नाही. त्याच्या तोंडून तेच दोन शब्द निघाले, साहेबांनी मान डोलावली, आणि तो परत आपल्या टेबलाशी येऊन बसला. उद्या जाऊ, असं तो दहा दिवस म्हणाला. अकराव्या दिवशी म्हणायचं कारण उरलं नाही.

मष्णूनं आपल्या बोलण्याचं इंग्रजी ऐकलं ते एकाच माणसाच्या तोंडून. आपलं बोलणं त्याच्या तोंडात जाऊन काय होऊन बाहेर पडलं ते त्यानं पिंजऱ्यात उभं राहून ऐकलं होतं.

दोन आठवडे भूपाल शिकवणीला गेला नाही. पण उघडलेला कान आता बंद होईना. एका खटल्यात तो साक्षीदाराची कानडी इंग्रजीत सांगत होता, आणि त्याचं वाक्य संपताच त्याच वाक्याची शेपटी मागच्या भिंतीकडून पुन्हा आली. हलकी, चेपलेली. पिंजरा त्याच भिंतीला होता. त्या दिवशी त्यात कुणी नव्हतं. भूपाल अडखळला, पुन्हा बोलला, पुन्हा तेच झालं. कार्विलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि या खोलीत आवाज घुमतो का म्हणून परशरामला विचारलं. परशराम म्हणाला की आजवर तरी नाही घुमला.

घरी लक्ष्मीबाईच्या लक्षात आलं होतं की नवरा जेवताना मधेच घास हातात धरून थांबतो. ती विचारायची, काय ऐकताय? तो म्हणायचा काही नाही, आणि हे सांगताना स्वतःच्या आवाजामागं कान लावून असायचा.

शेवटी तो परत गेला. न जाऊन काही होत नव्हतं. बाईंनी एवढे दिवस कुठं होता असं विचारलं नाही. गुणाबाईनं मात्र त्याला दाराशी अडवलं आणि हळूच म्हणाली, "सायेब, तुमी येत न्हवता तरी बाईसाब ठरल्या येळंला शिकवीत बसायच्या. एकट्याच. म्या सैपाकघरात कान झाकून बसायचो."

भूपाल खिडकीकडं पाठ करून बसला आणि त्यानं डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "कॉट." त्यानं ओठ गोल केले, जबडा सोडला, तोंडात सुपारी ठेवायची जागा केली आणि म्हटलं, "कॉट." मग बाई थांबल्या.

डावीकडं वेत करकरला. कुणीतरी तोंडानं श्वास घेतला. लांब, घरघरता श्वास, अरुंद जागेतून कष्टानं ओढलेला. मग त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर मष्णूचा आवाज म्हणाला, "काट." थोडं थांबून पुन्हा, "काट." रागाचा लवलेश नव्हता त्यात. पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाचा आवाज होता तो, चुकतंय हे कळणारा आणि हटून बसलेला.

भूपालनं डोळे उघडले नाहीत. उघडले तर खुर्ची रिकामी दिसेल आणि ते जास्त वाईट असेल, असं त्याला वाटलं. बाईंनी पुन्हा शब्द म्हटला. त्यानं पुन्हा म्हटला, या खेपेला जरा सावकाश, शेजारच्याला नीट ऐकू जावा तसा. आणि त्यापाठोपाठ शेजारून आवाज आला तेव्हा त्यात किंचित गोलाई होती.

अशा सहा शिकवण्या झाल्या. कोर्टात कुणाला कळलं नसतं, पण त्या सहा सकाळी भूपाल स्वतःसाठी शिकत नव्हता. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि शेजारी बसलेला तो उचलत होता. सातव्या दिवशी शेजारून अख्खं वाक्य आलं. "आय कॉट हिम. ही वॉज फॉलिंग. आय कॉट हिम." स्वच्छ, एकेक स्वर जागच्या जागी.

बाईंचा चेहरा उजळला. शाबास, त्या म्हणाल्या. मग भूपालकडं वळून त्यांनी विचारलं, "कोण पडत होतं?"

भूपालनं सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, आणि सांगताना एकही शब्द चुकला नाही याची त्याला शरम वाटली. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या की त्याला वाक्य आलं, आता ते कुणाला सांगायचं हे मी शिकवू शकत नाही.

रविवारी सकाळी तो कंग्राळीला गेला. मष्णूचं घर गावाच्या कडेला होतं, पुढं पडवी, मागं भाताची खाचरं. मष्णूची बायको मालुबाई पडवीत तांदूळ निवडत होती. चाळिशीही झाली नसेल, पण हालचाल म्हातारीची. कोर्टातला माणूस म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला आणि घोंगडं अंथरलं. भूपाल बसला नाही.

तिनं आपणहून सांगितलं की ती खटल्याच्या दिवशी कोर्टात नव्हती. सख्खा भाऊ गेल्यापासून ती माहेरीच होती. गावातली माणसं येऊन म्हणाली की मष्णूनं साहेबापुढं स्वतः कबूल केलं, गुंडूला मीच कापला म्हणून. तुरुंगातून दोनदा निरोप आला, येऊन भेट म्हणून. ती गेली नाही. आपल्या भावाला कापणाऱ्याचं तोंड कशाला बघायचं?

भूपालनं बोलायला तोंड उघडलं, पण ती पुढं म्हणाली, "आता घरात येत्यात, आण्णा. तीन म्हैनं झालं. कोंबडं आरडायच्या आदी. ह्या पडवीत बसून काय काय बोलत्यात, मला त्येचं काय कळत न्हाय. आदी वाटलं शिव्याच देत्यात. म्या गेलो न्हाय न्हवं भेटायला."

"काय बोलतात?" भूपालनं विचारलं.

मालुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईनं ओठ गोल केले, जबडा सोडला, आणि कॅम्पातल्या बंगल्यात शोभावं असं इंग्रजी तिच्या तोंडून आलं. "आय कॉट हिम. ही वॉज फॉलिंग. आय कॉट हिम." मग ती म्हणाली, "असंच रोज. आदी जरा येगळं हुतं, आता असं म्हंत्यात. शिव्याच हैत का, आण्णा?"

नऊ वर्षं भूपालनं दुभाष्याचं काम केलं होतं. इथं मात्र त्याला शब्द जुळवायला वेळ लागला.

"शिव्या नव्हेत," तो म्हणाला. "ते म्हणतात, म्या त्येला धरला. पडत हुता. म्हनून धरला."

तिनं पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं, आणि मग चूक कुणाची तेही सांगितलं. काहीच लपवलं नाही, अकरा दिवसांचंही नाही. ती उठून पडवीच्या टोकाला जाऊन खांबाला धरून उभी राहिली. खाचरांकडं तोंड करून ती म्हणाली, "म्हंजे मला भेटायला बोलवीत हुते ते ह्येच सांगायला." तो वाट पाहत उभा राहिला. शेवटी ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधी तो कार्विलसाहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी वर न पाहता काहीतरी विचारलं. भूपाल म्हणाला, "मला कळलं नाही, सर. पुन्हा सांगाल का?" साहेबांनी वर पाहिलं आणि प्रश्न पुन्हा केला. काय काम आहे, एवढंच ते विचारत होते. भूपालनं काम सांगितलं. तास लागला. साहेबांनी जुनी फाईल मागवली, कट आणि कॉट हे दोन्ही शब्द त्याच्याकडून वदवून घेतले, आणि मग तू तेव्हा कसं म्हणालास ते जसंच्या तसं म्हण म्हणाले. भूपालनं ओठ सपाट करून तो जुना उच्चार केला. तो करताना त्याला जीभ जड वाटली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. पाठमोरेच ते म्हणाले की मीही 'कापलं' असंच लिहिलं असतं.

त्यांनी भूपालचा जबाब स्वतः लिहिला. सही घेण्याआधी भूपालनं तो वाचून दाखवायची विनंती केली आणि साहेबांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. कागद वर गेला. वरून तीन महिन्यांनी उत्तर आलं की शिक्षा अमलात आलेली असल्यामुळं काही करण्यासारखं नाही. जबाब मूळ फाईलला जोडावा आणि दुभाष्याला कामावरून कमी करावं. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी झाल्या. परशरामानं जबाब फाईलला शिवला आणि जाताना भूपालला वेशीपर्यंत सोडायला आला. वाटेत तो एवढंच म्हणाला की कोर्टातला आवाज घुमायचा बंद झालाय.

निपाणीला जायच्या आधी भूपाल बाईंचा निरोप घ्यायला गेला. लक्ष्मीबाईनं सामान बांधून ठेवलं होतं, दुपारची गाडी होती. भावांनी वखारीत जागा करून ठेवली होती; विलायतेच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार तो बघणार होता. कागदावरचं इंग्रजी, बोलायचं काम नाही.

बाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी त्याचे पाय ओळखले. तुम्ही एकटेच आहात, त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की तो माणूस काल सकाळी येऊन गेला. शिकला काहीच नाही. नुसता बसून राहिला. श्वास मोकळा झाला होता, गळ्याचं जे काही होतं ते सुटलं असावं. थोड्या वेळानं उठला, पायऱ्यांपर्यंत गेला, थांबला आणि एकच शब्द बोलला. इंग्रजी नव्हता. "तुमच्या भाषेतला असणार," बाई म्हणाल्या. "मी नीट लक्षात ठेवलाय. मला अर्थ सांगा."

आणि त्यांनी तो म्हटला. मऊ 'त' येत नव्हता त्यांना, तो जरा जाड झाला, पण शब्द ओळखू येत होता.

"येतो."

भूपाल उत्तर द्यायला गेला आणि थांबला. मग त्यानं बाईंना सावकाश समजावून सांगितलं की आमच्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, ते अभद्र वाटतं. कायमचं जाणारा माणूससुद्धा 'येतो' असंच म्हणतो, त्याचा अर्थ निरोप घेतो असाच होतो. पण जो खरोखरच परत येणार असतो, तोही 'येतो' म्हणतो. शब्द तोच.

"मग यानं कुठल्या अर्थानं म्हटला?" बाईंनी विचारलं.

ते स्वरावरून कळतं, भूपाल म्हणाला. म्हणतानाचा स्वर कुठं चढला, कुठं टेकला, त्यावरून. बाईंनी शब्द पुन्हा म्हणून दाखवला, दोनदा, तीनदा. स्वर त्यांच्या आवाजात गेला होता, त्यातून काही कळेना. भूपालनं पुष्कळ कान दिला. मग कबूल केलं की मी स्वतः ऐकलेलं नाही, मला सांगता येणार नाही.